शाळेच्या मैदानात सावली कशी आणायची : मार्च ते जूनचा हिशोब

पावसाळ्यात वृक्षारोपण जवळजवळ प्रत्येक शाळेत होतं. पाहुणे येतात, रोपाला हात लावून फोटो निघतो, मुलं घोषणा देतात. पुढच्या मार्चमध्ये त्याच मैदानात जाऊन पाहिलं तर बरीच रोपं वाळलेली असतात. जगलेली असतात ती बहुधा कुंपणाच्या कडेची, जिथे मुलं कधी बसतच नाहीत. परिपाठाला मुलं उन्हात उभी असतात आणि खिचडीचं ताट घेऊन भिंतीला चिकटून बसतात.

ज्या गुरुजींनी, बाईंनी किंवा शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी हे काम पहिल्यांदाच हाती घेतलंय, त्यांच्यासाठी हा लेख. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि सोलापूरकडच्या दोन-चार खोल्यांच्या जिल्हा परिषद शाळा डोळ्यासमोर ठेवून तो लिहिला आहे. कोकणातला पाऊस वेगळा, माती वेगळी, त्यामुळे तिथे झाडांची यादीही बदलेल.

सगळ्या कामाचा पाया एकच. सावलीचं नियोजन शाळेच्या वेळापत्रकाला धरून करायचं. मुलं कोणत्या महिन्यात, किती वाजता, मैदानाच्या कोणत्या भागात असतात ते आधी पाहायचं आणि मग खड्डा कुठे खणायचा हे ठरवायचं. उन्हाचे महिने म्हणजे मार्च, एप्रिल आणि शाळा उघडल्यानंतरचा जून. मे महिन्यात मुलं नसतात, पण झाडांची खरी परीक्षा तेव्हाच असते. हे दोन मुद्दे सुटले की बाकी कितीही मेहनत केली तरी वाया जाते.

हिशोब सोपा जावा म्हणून एक नमुन्याची शाळा धरू. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, ६४ मुलं, काळी माती, कंबरेएवढी कुंपणभिंत. बोअर आहे, पण एप्रिलमध्ये त्याचं पाणी कमी होतं.

फक्कीने सावली आखा

कबड्डीचं मैदान आखायची चुन्याची फक्की शाळेत असतेच. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आभाळ मोकळं असलेला एक दिवस निवडा. सकाळी साडेसात, दहा, दुपारी साडेबारा, दोन आणि चार अशा पाच वेळा मैदानात उतरायचं. इमारतीची, असलेल्या झाडांची, पाण्याच्या टाकीची सावली जिथे संपते तिथे फक्कीची रेघ मारायची आणि रेघेशेजारी दगडाखाली वेळ लिहिलेला कागद ठेवायचा. हे काम पाचवी-सहावीच्या मुलांकडे द्या. सावली सरकते हे त्यांना पुस्तकातून माहीत असतं. स्वतः मारलेली दहाची रेघ साडेबाराला पूर्ण उन्हात आलेली पाहिली की किती सरकते तेही कळतं.

संध्याकाळपर्यंत मैदानावर पाच रेघा उमटलेल्या असतील. त्या कागदावर उतरवा, उत्तर दिशा दाखवा, विजेच्या तारा, बोअर, शोषखड्डा आणि फाटकही दाखवा. दुसऱ्या कागदावर मुलांचा दिवस मांडा: परिपाठ कुठे होतो, पोषण आहार कुठे वाढतात, मधल्या सुट्टीत लहान वर्गातली मुलं कुठे घुटमळतात, पाण्याच्या नळाला रांग कुठे लागते, स्वच्छतागृहाकडे जायची वाट कशी आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कुठली जागा किती वाजता तापते आणि तिथे तेव्हा कोण असतं हे लगेच दिसतं.

जमीन किती तापली ते पाहायला यंत्र लागत नाही. दुपारी दोनला तळहाताची मागची बाजू जमिनीवर पाच सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर तिथे अनवाणी मुलाने चालू नये. मैदानातली माती, व्हरांड्याबाहेरचं काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि लोखंडी घसरगुंडी अशी चारही ठिकाणं तपासा आणि नकाशावर लाल खुणा करा. कोविडच्या काळात घेतलेला कपाळाचा ताप मोजायचा पिस्तुलासारखा थर्मामीटर यासाठी वापरू नका. तो शरीराच्या तापमानापुरताच बनवलेला असतो, तापलेल्या फरशीचा आकडा त्याच्यावर येणार नाही.

आधी फुकटची सावली वापरा

झाड मोठं व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. इमारतीची सावली आजही पडतेच आहे.

एप्रिलमध्ये सकाळी साडेआठच्या सुमारास १२-१३ फूट उंच इमारतीची सावली पश्चिमेकडे वीसेक फूट लांब पडते. दुपारी चारला तीच पूर्वेकडे पंधरा-सोळा फूट जाते. म्हणजे सकाळचा परिपाठ इमारतीच्या पश्चिम अंगाला आणि शाळा दिवसभराची असेल तेव्हा चारचा खेळाचा तास पूर्व अंगाला घेतला, तर एक रुपया खर्च न करता मुलं उन्हातून बाहेर येतात. इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिमेकडे तोंड करून असेल तर सगळी शाळा त्या पट्ट्यात मावते. लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे असेल तर फक्त आखूड भिंतीची सावली मिळते, तिथे लहान वर्ग बसवायचे. ध्वजस्तंभ समोर आहे म्हणून परिपाठही तिथेच, असा नियम कुठेही नाही.

साडेबाराच्या सुमाराला मात्र भिंतीची सावली जवळजवळ नाहीशी होते. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मे महिन्यात सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि शून्य सावलीचा दिवस येतो. एप्रिल-जूनमध्येही तो फार कलत नाही. त्यामुळे मधल्या सुट्टीची सावली वरूनच आली पाहिजे, म्हणजे झाडाचा पसारा, मांडव किंवा व्हरांडा. उभ्या भिंतीचा इथे उपयोग नाही.

किती सावली लागेल?

ताट घेऊन मांडी घालून बसलेल्या एका मुलाला साधारण १० चौरस फूट जागा लागते. ६४ मुलांना ६४० चौरस फूट. फांद्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २६ फूट पसरलेल्या कडुनिंबाखाली भर दुपारी सुमारे ५३० चौरस फूट सावली पडते, आणि तीही कवडशांची. म्हणून जेवणाच्या एका जागेसाठी तीन झाडांचा गट धरा. एकमेकांपासून १८-२० फुटांवर, त्रिकोणात. मोठी झाली की त्यांचे पसारे एकमेकांत मिसळतात आणि खाली सलग सावली होते. मैदानभर विखुरलेल्या दहा झाडांपेक्षा असा एक गट शाळेच्या जास्त कामाचा.

झाड आणि बसायची जागा यांतलं अंतरही वेळेनुसार बदलतं. उन्हाळ्यात शाळा सकाळी सातला भरून अकरा-साडेअकराला सुटते. त्या वेळात सूर्य पूर्वेला, सावली पश्चिमेला. एप्रिलमध्ये नऊ वाजता २० फूट उंच झाडाची सावली बुंध्यापासून पश्चिमेला वीसेक फुटांवर पडते. तेव्हा सकाळच्या वापरासाठी झाडं बसायच्या जागेच्या पूर्वेला हवीत. जूनमध्ये शाळा दिवसभराची झाली की दुपारचं ऊन पश्चिमेकडून येतं, त्यासाठी पश्चिमेलाही एक रांग हवी. बहुतेक ठिकाणी फक्त पश्चिमेचा विचार होतो आणि एप्रिलची सकाळ विसरली जाते.

कोणतं झाड लावायचं

इथे घाई करू नका, कारण चुकीचं झाड दहा वर्षांनी कळतं. रोपवाटिकेत गेल्यावर पहिला प्रश्न विचारायचा: मार्च-एप्रिलमध्ये या झाडावर पानं असतात का?

गुलमोहर मे महिन्यात लाल फुलांनी भरतो, पण मार्च-एप्रिलमध्ये तो बहुतेक उघडा असतो. पळस, काटेसावर, शिरीष हीही त्या दिवसांत निष्पर्ण. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर वाजत असतात आणि खाली ऊनच ऊन. बहावा पिवळ्या घोसांनी सुंदर दिसतो, पण फुलतो तेव्हा त्याची पानं गळालेली असतात. ही सगळी आपल्या ओळखीची, पक्ष्यांच्या आवडीची झाडं आहेत. त्यांना कुंपणाकडेला जरूर जागा द्या, मुलांच्या जेवणाच्या जागेवर नको.

कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो आणि एप्रिलपर्यंत पुन्हा हिरवा होतो. काळ्या मातीत, मुरमाड जमिनीत, कमी पाण्यात तग धरतो. करंज माझ्या मते शाळेसाठी सगळ्यात भरवशाचा. पानगळ थोडे दिवसच टिकते, लगेच कोवळी चमकदार पालवी येते, पसारा रुंद आणि सावली गर्द. शेळ्या-गुरं त्याच्या पानांना सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे रोप वाचतं. बिया मात्र कडू आणि खायच्या नाहीत, हे मुलांना सांगून ठेवायचं. चिंच हळू वाढते, पण एकदा वाढली की पिढ्यान्‌पिढ्या सावली देते. आंबा आणि जांभूळ बारमाही हिरवे असतात; त्यांना पहिली काही वर्षं पाणी जास्त लागतं. बकुळ अगदी सावकाश वाढते, पण तिचा पसारा आटोपशीर राहतो, म्हणून व्हरांड्यापासून थोड्या अंतरावर चालते.

वड-पिंपळ हवेतच, जागा असेल तर. रयत शिक्षण संस्थेने वटवृक्ष बोधचिन्ह म्हणून घेतला आहे, त्यावरून शाळा आणि वड यांचं नातं किती जुनं आहे ते कळतं. मात्र मैदान एक एकराहून लहान असेल तर वड शाळेत न लावता गावाच्या गायरानात लावा. त्याची मुळं आणि पारंब्या कुंपणभिंत, टाकी, शोषखड्डा काही सोडत नाहीत.

काही झाडं शाळेत नकोच. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, दिसायला साधी असली तरी तिची बी विषारी आहे आणि मुलं ती खेळायला घेतात. लाल कण्हेर आणि एरंडाच्या बियाही तशाच. शेवगा भराभर वाढतो, पण त्याचं लाकूड ठिसूळ. तो परसबागेत लावा, खेळायच्या जागेवर नको. निलगिरी सरळ वर जाते, सावली कमीच पडते. सुबाभळीचं बी इतकं पसरतं की पाच वर्षांनी उपटत बसावं लागतं.

एकाच जातीची सगळी झाडं लावू नका. एखादी कीड किंवा रोग आला तर सगळी सावली एकदम जाते. नमुन्याच्या शाळेसाठी माझी निवड अशी: जेवणाच्या जागेला दोन करंज आणि एक कडुनिंब, पश्चिमेच्या रांगेत दोन कडुनिंब आणि एक चिंच, नळाच्या सांडपाण्याजवळ जांभूळ, फाटकाशी आंबा, आणि कुंपणाला बहावा, आपटा, बेल, पळस. एकूण बारा. बारा झाडं जगवणं शाळेला झेपतं, शंभर झेपत नाहीत.

खड्डा कुठे घ्यायचा नाही

काळ्या मातीकडे विशेष लक्ष द्या. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. भिंतीजवळचं मोठं झाड उन्हाळ्यात पायाखालचा ओलावा ओढून घेतं, माती आकसते आणि खोलीला तडे जातात. म्हणून काळ्या मातीत झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल तेवढं अंतर इमारतीपासून सोडायला हवं. कडुनिंब-करंजाला ३५ ते ४० फूट धरा. मुरमाड किंवा खडकाळ जमिनीत हे अंतर १५ ते २० फुटांवर आणता येतं.

विजेच्या तारांखाली मोठं झाड लावायचं नाही. आज रोप गुडघ्याएवढं असतं म्हणून कुणी बोलत नाही, आठ वर्षांनी महावितरणचे कर्मचारी येऊन शेंडा छाटतात आणि झाड वेडंवाकडं होतं. शोषखड्डा आणि पाण्याच्या पाइपापासून १०-१५ फूट लांब राहा. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं, खो-खोचं २७ बाय १६ मीटरचं. ती जागा आधी फक्कीने आखून मोकळी सोडा. मैदानाच्या मध्यात लावलेलं झाड पहिल्याच वर्षी चेंडू लागून मोडतं, आणि त्यात मुलांची काही चूक नसते.

खड्डा आणि लागवड

खड्डा एप्रिल-मेमध्येच खणून ठेवा. दोन बाय दोन बाय दोन फूट, जमीन मुरमाड असेल तर तीन-तीन फूट. उन्हात खड्डा तापला की मातीतली कीड आणि बुरशी कमी होते. खणताना वरची एक फूट माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला ठेवा. भरताना वरची सुपीक माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत आधी जातं. ताजं शेण घालू नका, मुळं जळतात आणि वाळवी येते. मोकळा खड्डा शाळेत धोक्याचा, म्हणून भोवती काटेरी फांद्या किंवा दोरी लावाच.

लागवड दोन चांगले पाऊस झाल्यावर. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून चार-पाच फुटांची रोपं मिळतात का ते मार्चमध्येच विचारून नाव लावून ठेवा. जुलैत उरलेली रोपं पदरात पडतात. रोप घेताना पिशवीचा तळ बघा. मुळं गोल-गोल फिरून घट्ट गुंडाळी झाली असेल तर ते रोप नको. लावताना पिशवी पूर्ण काढायची, फाडून तशीच पुरायची नाही. दोन्ही बाजूंना बांबू रोवून सुतळीने सैल बांधा, म्हणजे वाऱ्यात खोड थोडं हलतं आणि जाड होतं. ट्री-गार्ड किंवा बोरी-बाभळीचं काट्याचं कुंपण पहिल्याच दिवशी करा. शेळी दुसऱ्याच दिवशी येते.

पाणी : मे महिन्यात कोण घालणार?

हा प्रश्न जुलैत विचारायचा आणि उत्तर ठरावाच्या वहीत लिहायचं.

शाळा सुरू असताना पाणी घरचंच असतं. पोषण आहाराच्या आधी हात धुताना आणि नंतर ताट धुताना किती पाणी जातं ते एक दिवस बादली लावून मोजा. एका मुलामागे एकच लिटर धरलं तरी ६४ मुलांचं रोज ६४ लिटर होतं. म्हणजे एक दिवसाआड बारा झाडांना प्रत्येकी दहा लिटर. हात धुण्याचं पाणी नुसत्या चरातून झाडांकडे वळवता येतं. ताटांचं तेलकट पाणी मात्र विटांचे तुकडे आणि वाळू भरलेल्या खड्ड्यातून जाऊ द्या, नाहीतर चर कुजतो आणि डास होतात. चराला वळवायची फळी लावली की आज सहा झाडं, उद्या दुसरी सहा, असं मुलंच फिरवतात.

आळं बुंध्याला चिकटून न करता फांद्यांच्या टोकाखाली गोल करा आणि त्यात वाळक्या पानांचं चार बोटं जाडीचं आच्छादन पसरा. शाळेत रोज सकाळी पानं झाडून ढीग पेटवला जातो. तो थांबवायला हवा. धूर मुलांच्या छातीत जातो आणि झाडाचं पांघरूण जळून जातं. झाडलोट झाली की पानं आळ्यात, एवढीच सवय लागायला हवी. बुंध्याभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवा, साल कुजत नाही.

आता सुट्टी. मेच्या सुरुवातीपासून शाळा उघडेपर्यंत सहा-सात आठवडे, विदर्भात त्याहून थोडे जास्त. बारा झाडांना आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर म्हणजे आठवड्याला ४८० लिटर. २०० लिटरची दोन-अडीच पिंपं. एवढं पाणी बैलगाडीवर किंवा छोट्या टेम्पोत येतं. ५,००० लिटरचा एक टँकर शाळेच्या टाकीत भरून घेतला तर दहा आठवडे पुरतो. पाणी मिळतं, अडतं ते फाटक उघडणाऱ्या माणसापाशी. शाळेशेजारच्या एका घराला हे काम द्या, त्याबद्दल ठरलेला मोबदला द्या आणि ती रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधीच मंजूर करून घ्या. प्रत्येक पालकाने एक झाड सांभाळायचं असं नुसतं ठरवलं की पहिल्या आठवड्यानंतर कुणी फिरकत नाही.

पाण्याची फारच ओढ असेल तर झाडाजवळ मातीचं कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि वर झाकण ठेवा. पाणी हळूहळू झिरपून मुळांशी जातं, उन्हात उडून जात नाही. दोन उन्हाळे असे काढले की कडुनिंब-करंज पुढे स्वतःच्या मुळांवर उभे राहतात. आंबा-जांभळाला तिसरा उन्हाळाही सांभाळा.

झाड मोठं होईपर्यंत मांडव

पहिली सावली वेलाची. जानेवारी-फेब्रुवारीत बांबूच्या मांडवावर दुधी, दोडका, गिलकं, कारलं चढवलं तर मार्चअखेरीस पानांचं छत तयार होतं आणि भाजी पोषण आहाराच्या भांड्यात जाते. परसबाग करायचीच असते, ती जमिनीवर आडवी पसरण्याऐवजी मुलांच्या डोक्यावर न्या. तोंडली एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकते. फळभाजी नको असेल तर मधुमालती.

शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, शेतीच्या दुकानात ५०, ७५, ९० टक्के ऊन अडवणारी मिळते. मुलांच्या जागेला ७५ टक्क्यांची पुरते. ९० टक्क्यांची जाळी जास्त दाट, तिच्याखाली वारा कोंडतो आणि वादळात ती शिडासारखी फुगते. उंची किमान नऊ-दहा फूट, एका बाजूला उतार. लोखंडी पाइप दोन-अडीच फूट खोल काँक्रीटमध्ये बसवा. वळिवाचं वादळ एप्रिल-मेमध्येच येतं, नेमकी सावली लागते तेव्हा. त्यामुळे जाळी तारेने कायमची आवळून टाकू नका. कड्या आणि हुक लावा, म्हणजे आभाळ भरून आलं की दोन मोठी माणसं दहा मिनिटांत ती उतरवू शकतात. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी जाळी घडी करून कपाटात ठेवायची. उन्हात वर्षभर सोडलेली जाळी लवकर विरते.

पत्र्याची शेड करायचीच असेल तर ती बारा फुटांहून उंच, चारही बाजूंनी मोकळी, वरून पांढऱ्या परावर्तक रंगाची आणि पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे लावलेली हवी. नुसत्या पत्र्याखाली ऊन अडतं, पण तापलेला पत्रा डोक्यावर आग ओकत राहतो. तट्ट्यांपासून चूल लांब असावी.

जमीन आणि पावसाचं पाणी

ग्रामपंचायतीकडे निधी आला की मैदानभर पेव्हर ब्लॉक बसवायचा प्रस्ताव हमखास येतो. चिखल होतो ही तक्रार खरी आहे, पण संपूर्ण मैदान ब्लॉकने झाकलं की उन्हाळ्यात ते भट्टीसारखं तापतं, सूर्य कलल्यावरही बराच वेळ गरम राहतं आणि पावसाळ्यात पाणी जिरत नाही. ब्लॉक फक्त फाटकापासून व्हरांड्यापर्यंतच्या वाटेवर आणि नळापाशी बसवा. बाकी मैदान मातीचं, मुरूम पसरून दाबलेलं, आणि शंभर फुटांना एक फूट एवढा उतार दिलेलं ठेवा. कृत्रिम हिरवं गवत तर उन्हात काँक्रीटपेक्षाही जास्त तापतं. ते नाकारायला हवं.

अलीकडे पाऊस कमी दिवसांत जास्त कोसळतो, म्हणून उन्हाइतकाच पाण्याच्या वाटेचाही विचार करा. शंभर चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी येतं. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ७०,००० लिटर, गळती-बाष्पीभवन वजा जाता ५५,००० लिटरच्या आसपास. पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी सोडून द्या, मग गाळणीतून टाकी भरा. टाकी भरल्यावरचं पाणी मैदानाच्या उताराच्या कडेला, दगड-गोट्यांनी भरलेल्या चरात जिरवा. चर झाडांच्या रांगेला लागून असेल तर तोच ओलावा हिवाळ्यात झाडांना मिळतो. टाकीला झाकण आणि कुलूप हवंच.

घसरगुंडी आणि झोपाळे करंजाच्या गटाजवळ हलवा. लोखंडी घसरगुंडी उघड्यावर असेल तर दुपारी तिच्यावर मुलाला चटका बसतो. पिण्याच्या पाण्याचे नळ आणि माठही सावलीत आणा. पाणी गरम लागलं की मुलं कमी पितात.

पार बांधताना

झाड मोठं झालं की पार बांधायची इच्छा होते, आणि तिथेच अनेक झाडांचा घात होतो. बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलं की मुळांना हवा-पाणी मिळत नाही, खोड आवळलं जातं. बुंध्याभोवती किमान तीन फूट माती उघडी ठेवा आणि त्याच्या बाहेर दगडांची गोल बैठक रचा. आत भर घालून बुंधा पुरू नका. उंची पहिली-दुसरीच्या मुलांसाठी एक फूट, मोठ्यांसाठी सव्वा ते दीड फूट. कडा गोल घासून घ्या. बैठक एका बाजूला उघडी सोडली तर चाकाची खुर्ची वापरणारं मूलही इतरांसोबत सावलीत बसू शकतं.

विजेचा नियम

मराठवाडा-विदर्भात जूनच्या सुरुवातीला विजा पडतात, आणि उंच झाड हे त्यांचं ठिकाण. गडगडाट ऐकू आला की सगळी मुलं झाडाखालून उठून वर्गात जाणार, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येणार नाहीत, हा नियम परिपाठात सांगा आणि सराव घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ हे मोफत ॲप आसपास वीज पडण्याची सूचना देतं. निदान एका शिक्षकाच्या फोनवर ते असावं. मोठ्या झाडावर आग्या मोहोळ बसलं तर मुलांना त्या बाजूला जाऊ न देता जाणकार माणसाला बोलवा.

पैसा, परवानगी आणि नंतरची वर्षं

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मध्ये मैदान, कुंपण आणि पिण्याचं पाणी यांचा शाळेच्या निकषांत समावेश आहे. त्याच्या आधारे शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा, नकाशा जोडा आणि ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात काम घ्यायला सांगा. खड्डे, चर आणि लागवड रोजगार हमीतून होऊ शकते का ते ग्रामरोजगार सेवकाला विचारा. नकाशासोबत ‘किती मुलं, किती वाजता, कुठे उन्हात’ हे एका पानावर लिहिलं असेल तर ग्रामसभेत समजावून सांगायला वेळ लागत नाही.

तिसऱ्या वर्षापासून खालच्या फांद्या थोड्या-थोड्या काढायला लागा, एका वेळी एक-दोनच. सावलीसाठी खोड सात-आठ फुटांपर्यंत मोकळं हवं, पण घाईने सगळ्या फांद्या काढल्या तर झाड शेंड्याकडे जड होतं आणि वादळात मोडतं. छाटणी हिवाळ्यात करा, उन्हाळ्याच्या तोंडावर अजिबात नको. नगरपालिका-महानगरपालिका हद्दीत १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते; गावात मोठं झाड तोडायचा प्रसंग आला तर आधी वनविभागाकडे चौकशी करा. दरवर्षी मेच्या सुट्टीआधी सुकलेल्या, लटकणाऱ्या फांद्या तपासून काढून घ्या. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा फक्की घेऊन पाच रेघा मारा. सावली कुठे वाढली आणि परिपाठ, जेवण, खेळाचा तास यांपैकी काय कुठे हलवायचं ते त्यावरून ठरवा.